शेरलॉक नंतर, आधी वॉटसन पाहू

उन्हाळी_दुपार

नमस्कार मंडळी. शेरलॉक होम्सला आजच्या काळात आणणाऱ्या दोन टीव्ही मालिकांपैकी बीबीसीची 'शेरलॉक' भारी की अमेरिकेतली 'एलिमेंटरी' भारी, हा वाद जुनाच आहे. तरी धागा काढते आहे, कारण यंदाच्या मे महिन्यात हा प्रश्न माझ्यासमोर वेगळ्याच वाटेनं आला.

माझे बाबा रेल्वेतून निवृत्त झाले. आम्ही लहान असताना उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायचो. गाद्या टाकून झाल्या, पाणी शिंपडून झालं की बाबा होम्सची गोष्ट सुरू करायचे. वाचलेली इंग्रजीतून, सांगायचे मराठीतून. त्यांच्या गोष्टीत होम्स त्याच्या मित्राला, वॉटसनला, 'डॉक्टरसाहेब' म्हणायचा. वॉटसन बोलायला लागला की बाबांचा आवाज जरा खाली यायचा, त्यावरून आम्हाला कळायचं की आता काहीतरी घडणार.

आता काचबिंदूमुळे बाबांना समोरचा माणूस आकारावरून कळतो, चेहरा दिसत नाही. बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणून मी त्यांच्यासाठी बीबीसीचं 'शेरलॉक' लावलं. २०१० चा पहिला भाग. कूलर सुरू असल्यानं आवाज मोठा ठेवलेला. त्यात पोलिसांची पत्रकार परिषद आहे. एकदम सगळ्या पत्रकारांचे फोन वाजतात. बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं, प्रत्येक फोनच्या वर हवेत एक शब्द आलाय, 'चूक!'. बाबा हसले, त्यांना आवडलं.

पुढे गुलाबी कोटातल्या बाईचं प्रेत येतं. शेरलॉक वाकून तिचा कोट, कॉलर, छत्री चाचपतो, आणि पडद्यावर शब्द उमटत जातात: ओलं, कोरडं. मग अंगठी: आतून स्वच्छ, बाहेरून मळकी. म्हणजे ती वरचेवर बोटातून निघते, आणि निघताना आतली बाजू घासली जाते. या सगळ्यात कुणी एक शब्द बोलत नाही, फक्त संगीत वाजतं. मी एकेक शब्द वाचून दाखवत होते. बाबांनी हात वर करून थांबवायला सांगितलं.

"हे सगळं तू सांगून राहिली. मग तो वॉटसन काय करून राहिला तिथं?"

मी तेव्हापासून याच प्रश्नात अडकले आहे. आर्थर कॉनन डॉयल यांच्या मूळ ६० कथांपैकी ५६ वॉटसन सांगतो. होम्स काय पाहतो ते आपल्याला कळतं, पण त्यातून त्याला काय दिसलं ते कळत नाही, कारण आपण वॉटसनच्या डोळ्यांनी बघत असतो. टीव्हीवर कॅमेरा आला आणि वॉटसनचं काम गेलं. त्याला दुसरं कोणतं काम दिलं, यावरून ती मालिका होम्सला किती ओळखते ते कळतं, असं माझं मत झालंय. होम्स उभा करणं अवघड असलं तरी चांगला नट मिळाला की जमतं. खरी परीक्षा वॉटसनपाशी आहे.

तुमचं काय मत? ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सूचना: खाली रहस्यं फुटतील.

बर्डीचा_पोऱ्या

ताई, धागा मस्त. पण पडद्यावरच्या अक्षरांना नावं ठेवू नका. ती आली तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. माणसाचा विचार असा समोर लिहिलेला टीव्हीवर आम्ही तरी कधी पाहिला नव्हता. 'शेरलॉक'चे कर्ते मोफॅट आणि गॅटिस या दोघांना मूळ गोष्टी पाठ आहेत आणि ते आपल्याशी त्या भरवशावर खेळतात. 'राखं'चंच घ्या. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत भिंतीवर रक्तानं जर्मन शब्द लिहिलेला असतो. पोलिसांना वाटतं की कुणीतरी 'रेचेल' लिहिता लिहिता थांबलं. होम्स सांगतो, छे, हा जर्मन भाषेतला 'सूड'. २०१० मध्ये नेमकं उलट केलंय. पोलिसांचा माणूस जर्मन अर्थ सांगायला येतो, शेरलॉक त्याच्या तोंडावर दार लावतो, आणि शब्द 'रेचेल'च निघतो. ज्यानं मूळ वाचलंय त्यालाच चकवलं! हे प्रेमाशिवाय जमत नाही.

आणि वॉटसनला काम नाही असं कसं? मार्टिन फ्रीमनचा जॉन वॉटसन अफगाणिस्तानातून जखमी होऊन आलेला फौजी डॉक्टर आहे. १८८७ चा वॉटसनही अफगाणिस्तानातूनच आलेला. सव्वाशे वर्षांनी तीच लढाईची जागा, एक अक्षर बदलायची गरज पडली नाही. त्याच पहिल्या भागात शेवटी गोळी कोण झाडतो? जॉन. शेरलॉक तर तेव्हा विषाची गोळी गिळायच्या बेतात होता.

उन्हाळी_दुपार

पोऱ्या, 'राखं'चं मला फार आवडलं होतं, बाबांनाही. तुमचं हे म्हणणं मान्यच. प्रेम आहे त्यात, शंकाच नाही.

पण त्याच भागातला फोन आठवा. 'द साइन ऑफ फोर'मध्ये वॉटसन होम्सच्या हातात एक घड्याळ देतो. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे, म्हणजे रात्री थरथरत्या हातानं चावी देणारा दारुडा माणूस. आत सावकाराकडे गहाण ठेवल्याचे आकडे कोरलेले. घड्याळ वॉटसनच्या वारलेल्या भावाचं असतं. होम्स त्या भावाचं सगळं आयुष्य उलगडून दाखवतो आणि वॉटसन खुर्चीतून उठतो. दुखावतो. त्याला वाटतं, ह्यानं माझ्या घरची चौकशी केली आणि आता जादू केल्यासारखं दाखवतोय. तेव्हा होम्स माफी मागतो. म्हणतो, मी याकडे केवळ कोडं म्हणून पाहत होतो, तुमच्यासाठी ते किती जिव्हाळ्याचं आणि दुःखाचं असेल हे विसरलो.

२०१० मध्ये घड्याळाचा फोन झाला, चावीच्या भोकाची चार्जिंगची जागा झाली. ओरखडे तेच, दारू तीच. फक्त भावाची बहीण झाली आणि शेरलॉकचं तेवढं चुकलं. बदल किती सफाईचा आहे! पण इथं जॉन म्हणतो, 'कमाल आहे'. एवढंच. दुखावणं गेलं, माफी गेली. होम्सला थांबवून 'हे माझं दुःख आहे' म्हणणारा वॉटसन तिथून हलला आणि टाळ्या वाजवणारा वॉटसन आला. बाबांना ती गोष्ट तोंडपाठ आहे. ते पुढच्या वाक्याची वाट बघत होते, आणि ते आलंच नाही.

महालवासी

उन्हाळीताई, आपल्या वडिलांना माझा नमस्कार कळवा. त्यांनी शंभर टक्के बरोबर प्रश्न विचारला.

मी ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या होम्सचा, जेरेमी ब्रेटचा माणूस आहे. १९८४ ते १९९४, ४१ भाग. ते 'आधुनिक' नाही असं कुणी म्हणेल. पण त्याच्याआधी पडद्यावर वॉटसनची काय दशा होती ते पाहा. १९३९ ते १९४६ या काळात होम्स झालेल्या बेसिल रॅथबोनबरोबर निजेल ब्रूसनं १४ चित्रपटांत वॉटसन केला. भोळा, गोंधळलेला, म्हातारा. लोकांना तो इतका आवडला की वॉटसन म्हणजे बावळट हे दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात बसलं. एक शिकलेला फौजी डॉक्टर बावळट कसा असेल? आणि बावळट माणसाबरोबर होम्स इतकी वर्षं एका घरात का राहील? ग्रॅनडानं ही चूक दुरुस्त केली. आधी डेव्हिड बर्क, मग एडवर्ड हार्डविक. दोघंही विचार करणारे वॉटसन.

एक प्रसंग सांगतो. होम्स धबधब्यात पडून मेला असं समजून वॉटसन तिथे उभा राहून त्याचं पत्र वाचतो, तो बर्क. पुढच्या मालिकेत होम्स परत येतो तेव्हा समोर हार्डविक. म्हणजे ज्यानं शोक केला तो एक नट आणि ज्याला मित्र परत मिळाला तो दुसरा. मला आधी हे खटकलं होतं. मग वाटलं, तीन वर्षांच्या दुःखानं माणूस बदलतोच. एक म्हातारा पुस्तकविक्या दवाखान्यात येतो, वॉटसन कपाटाकडे मान वळवतो, परत वळून पाहतो तर होम्स उभा. वॉटसन चक्कर येऊन पडतो. शुद्धीवर येतो तेव्हा कॉलर सैल केलेली आणि ओठांवर ब्रँडीची चव. जो माणूस युद्धात बेशुद्ध पडला नसेल तो इथं पडतो.

नव्या 'शेरलॉक'मध्ये तो वेटरचा वेश घेऊन, खोटी मिशी रेखाटून, जॉन लग्नाची मागणी घालत असताना टपकतो. आणि जॉन त्याला मारतो, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मला ते बघवलं नाही.

बर्डीचा_पोऱ्या

काका, आदर ठेवून सांगतो, मला ते मारणंच खरं वाटलं. दोन वर्षं रडवलं आणि वर मिशी लावून आला. माझा जिवलग असा वागला असता तर मीही आधी दोन लगावल्या असत्या, मग मिठी मारली असती.

महालवासी

मारायला हरकत नाही रे बाळा. मिठीला वेळ दिला नाही, हे माझं दुखणं आहे.

सावली

मी फार लिहीत नाही, वाचनमात्र असते. पण 'एलिमेंटरी'बद्दल अजून कुणी मनापासून लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे.

पहिला भाग लागला तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. न्यूयॉर्क, वॉटसन बाई, लूसी लिऊ. मग कळलं की जोन वॉटसन ही पूर्वीची शल्यचिकित्सक, आणि आता व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसासोबत त्याच्या घरी राहण्याचं काम करते. होम्सच्या वडिलांनी तिला सहा आठवड्यांसाठी नेमलेलं असतं. मुदत संपते. ती जात नाही. पगार थांबलाय हे त्याला सांगत नाही आणि राहते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, सहकाऱ्यांमध्ये. कागदावर केस बंद झालेली असते आणि आम्ही संध्याकाळी फोन करत असतो, 'जेवलास का?'

लोक म्हणतात की व्यसन हे 'एलिमेंटरी'नं वरून चिकटवलं. मुळीच नाही. 'द साइन ऑफ फोर'ची सुरुवातच सुईनं होते, सात टक्क्यांचं कोकेनचं द्रावण. आणि 'द मिसिंग थ्री-क्वार्टर' ही कथा काढून वाचा. वॉटसन तिथं सांगतो की कित्येक वर्षं हळूहळू त्यानं होम्सला त्या नादातून सोडवलं, पण तो सैतान मेला नव्हता, झोपला होता, आणि झोपही सावध होती. हे वाक्य मी कामाच्या डायरीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. याच्याहून नेमकं आमच्या पाठ्यपुस्तकात मला सापडलेलं नाही. पुढे एके सकाळी होम्सच्या हातात सुई दिसते आणि वॉटसनचं काळीज लक्कन हलतं. होम्स हसून सांगतो, आज हीच किल्ली आहे. त्यानं बडीशेपेसारख्या वासाचं द्रव्य एका बग्गीच्या चाकावर उडवलेलं असतं, कुत्र्याला माग काढता यावा म्हणून. पण त्या एका क्षणात वॉटसनवर काय गुदरलं ते आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला, प्रत्येक बायकोला ठाऊक आहे. कपाट उघडल्यावर, खिसे तपासताना.

म्हणजे वॉटसन पहिल्यापासून हेच काम करत होता! डॉयल यांनी ते दोन ओळींत सांगितलं, 'एलिमेंटरी'नं त्याला अख्खी मालिका दिली. होम्स तिथं गोलात खुर्च्या टाकून बसलेल्या माणसांमध्ये बसतो आणि बोलतो. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी तो पुन्हा घसरतो. टीव्हीवर सहसा एकदा सुटलं की सुटलं दाखवतात. इथं तसं दाखवलं नाही, त्यासाठी मी त्या लेखकांची ऋणी आहे.

महालवासी काका, ब्रेट यांचाही एक प्रसंग तुम्हाला माहीत असेल. 'द डेव्हिल्स फूट', १९८८. होम्स समुद्रकाठी जाऊन सुई वाळूत पुरतो.

महालवासी

सावलीताई, माहीत आहे. मूळ कथेत ते नाही. ब्रेट यांना वाटलं की लहान मुलं होम्स बघतात, त्यांच्यासमोर हे संपायला हवं. डॉयल यांच्या कन्येची संमती घेऊन ते घातलं. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'एलिमेंटरी' मी हात लावायच्या आधीच बाजूला ठेवली होती. आता बघतो.

खामला_७

सावलीताईंच्या प्रतिसादापुढे हे लिहायला संकोच वाटतोय, पण प्रामाणिकपणे सांगायला हवं. 'एलिमेंटरी' २०१२ ते २०१९, १५४ भाग. मी सगळे पाहिले. त्यातल्या गुन्ह्यांपैकी मला दहा-बाराच आठवतात. पहिला संशयित कधीच नसतो, दुसराही नसतो, पंचविसाव्या मिनिटाला जो शेजारी साधेपणानं बोलून गेला तोच निघतो. गुप्तहेरकथा म्हणून ती कच्ची आहे. 'शेरलॉक'चे एकूण १३ भाग, प्रत्येक दीड तासाचा, आणि पहिल्या दोन पर्वांतला जवळजवळ प्रत्येक प्रसंग मला आठवतो. (तिसऱ्यानंतर तेही घसरले. चौथं पर्व मी पुन्हा कधीच लावलं नाही.)

जोनबद्दल मात्र तक्रार नाही. ती शिकते, कुलपं उघडायला शिकते, चुकते, आणि एका टप्प्यावर स्वतःच्या नावानं गुन्हे सोडवायला लागते. होम्सला तिचं कौतुक वाटतं आणि भीतीही. इतर कुठल्या वॉटसनला एवढं मोठं होऊ दिलेलं मी पाहिलं नाही.

बर्डीचा_पोऱ्या

मजेची गोष्ट म्हणजे 'शेरलॉक'चा बेनेडिक्ट कंबरबॅच आणि 'एलिमेंटरी'चा जॉनी ली मिलर या दोन होम्सनी २०११ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' केलं होतं, डॅनी बॉयलच्या दिग्दर्शनात. दोघं भूमिका आलटून-पालटून करायचे, एका रात्री हा शास्त्रज्ञ आणि तो राक्षस, दुसऱ्या रात्री उलटं. मला दोन्ही मालिका पाहताना ते सारखं आठवतं. कंबरबॅच वाट्याला आलेला शास्त्रज्ञ पुढे घेऊन गेला आणि मिलर जखमी जीव.

उन्हाळी_दुपार

पोऱ्या, अगदी!

सावली, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या ताईला विचार, ती मालिका कुठून सुरू करायची." खामला, गुन्हे आठवत नाहीत हे मान्य. पण मला गच्चीवरच्या गोष्टींतलेही गुन्हे फारसे आठवत नाहीत. 'डॉक्टरसाहेब' आठवतात.

वैनगंगा

मी मूळचा भंडाऱ्याचा, वीस वर्षांपासून नागपुरात. दोन गोष्टी बोलतो.

पैली गोष्ट. आपल्या दूरदर्शनवर १९९३ मध्ये बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' आली होती. रजित कपूर गुप्तहेर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित. अजित पेशानंच लेखक. म्हणजे 'हा सगळं लिहून का ठेवून राहिला' हा प्रश्नच नाही. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी ते मुळातच सोडवून ठेवलं होतं. त्या मालिकेत अक्षरं नाही, नाच नाही, दोन माणसं खोलीत बसून बोलतात अन् आपण खुर्चीच्या टोकावर. २०२४ मध्ये 'शेखर होम' आली, के के मेनन अन् रणवीर शौरी. होम्सला बंगालातल्या एका छोट्या गावात नेलं, काळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. मोबाइल नाही, कॅमेरे नाही. मले वाटते ते मुद्दाम केलं असन. जिथं भिंतीवरचा कॅमेराच सगळं पाहून ठेवते तिथं माणसाच्या नजरेला काय किंमत?

दुसरी गोष्ट, आपल्याकडची. होम्स नागपुरात आणायचा तर लंडनचं धुकं कुठून आणायचं, असं लोक विचारतात. अरे, आपल्याले धुकं पाहिजेच कशाले? मेच्या दुपारी दोन वाजता धरमपेठेच्या कोणत्याही गल्लीत जाऊन उभे राहा. चिटपाखरू नाही. सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, अन् घराघरात कूलरचा घरघराट. भर उन्हात कुणी कुणाचा गळा दाबला तर बाजूच्या घरात आवाज जाणार नाही. रात्री गच्च्यांवर शंभर डोळे जागे असतात, दुपारी एकही नाही. आपल्याकडचा गुन्हा दुपारचाच.

अन् होम्सच्या 'सिल्व्हर ब्लेझ' कथेत कुत्रा भुंकला नाही हाच धागा, तसा इथं कूलर. पंचेचाळीस डिग्रीत, बंद खोलीत, माणूस मेलेला, अन् कूलर बंद. लाइट होती. टाकी काठोकाठ भरलेली. मग बंद कुणी केला, अन् कोणता आवाज ऐकाले केला?

खामला_७

बाप्पा! वैनगंगाभाऊ, हे लिहून काढा. आणि दुसरी गोष्ट मारबतीच्या दिवशी ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, इतवारीकडच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते, 'घेऊन जा गे मारबत'च्या आरोळीत काय वाटेल ते घडू शकतं.

पण वॉटसन कोण?

वैनगंगा

वॉटसन ठरलेला आहे. मूळ वॉटसन फौजेतून आधी मुंबईलेच उतरला होता, तिथून कंदाहार, मग मैवंदच्या लढाईत खांद्यात गोळी, मग पेशावरच्या इस्पितळात आतड्याचा ताप. अंगात काही उरलं नाही तेव्हा लंडनले परत धाडला. आपली वॉटसन म्हणजे बंधपत्राची सेवा करून गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आलेली डॉक्टर पोरगी. दोनदा हिवताप होऊन गेलेला, वजन उतरलेलं, रात्री गाडीचा आवाज आला की उठून बसते, पेशंट आला असन म्हणून. बर्डीवर खोली पाहून राहिली, भाडं परवडत नाही. कुणीतरी सांगते, एक विचित्र माणूस आहे, त्यालेही जोडीदार पाहिजे.

सावली

ही मुलगी मला ओळखीची वाटते. वैनगंगाभाऊ, तिच्या हाती वही द्या, म्हणजे गोष्ट तीच सांगेल.

महालवासी

'एलिमेंटरी'चे चार भाग झाले. गुन्ह्यांबद्दल खामल्याचं म्हणणं खरं आहे. पण चौथ्यानंतर मी पाचवा लावला, रात्रीचा एक वाजला होता. बाकी मत पहिलं पर्व संपल्यावर लिहीन.

उन्हाळी_दुपार

उशिरा उत्तर देते आहे. घरी भाऊ आणि त्याचा मुलगा आले होते, पुण्याहून, सुट्टीला.

आम्ही 'एलिमेंटरी'चं पहिलं पर्व अर्धं केलं. त्यात अक्षरं कमी आणि बोलणं जास्त, त्यामुळे मला फारसं सांगावं लागत नाही. बाबा लूसी लिऊचा आवाज आला की मान वळवतात. मध्ये एकदा म्हणाले, "ही कमी बोलते, पण हिचं लक्ष आहे." चेहरा न बघता.

परवा लाइट गेली. कूलर बंद, घरात थांबवेना, म्हणून सगळे गच्चीवर गेलो. मी मोबाइलच्या उजेडात 'द मिसिंग थ्री-क्वार्टर' वाचायला घेतली. सावली, तुमच्या त्या वाक्यापाशी आल्यावर बाबा म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग त्यांनी मला मोबाइल बंद करायला सांगितला आणि उरलेली गोष्ट भाच्याला स्वतःच सांगायला लागले, मराठीतून, पूर्वीसारखी. आवाज तसाच खाली गेला.

"होम्स टेबलापाशी बसला आहे, हातात सुई. अन् डॉक्टरबाई दारातच थांबतात."

भाच्यानं विचारलं, डॉक्टरबाई का? बाबा म्हणाले, ऐक आधी.